ब्रेक ऑइल हे तेल नव्हे : शिवारातल्या जीपगाडीला कोणते ब्रेक ऑइल चालते?



आपल्या पुष्कळ सभासदांच्या दारात आता ट्रॅक्टरच्या जोडीला एखादी जीप, जिप्सी नाहीतर पिकअप उभी असते. दारणाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात साधी मोटार चालत नाही. ऊस तोडणीच्या फडापर्यंत जायचे, बांधावरच्या चाकोरीतून मोटारीचे सामान न्यायचे, तर चारही चाकांनी ओढणारी गाडी लागते. त्यात देवळाली कॅम्प शेजारी. तोफखान्याच्या गाड्या संसरी नाक्यावरून जाता-येता बघतच आपल्याकडची पोरे मोठी झाली. त्यामुळे लष्करातून निकाली निघालेल्या गाडीचे आपल्या भागाला आकर्षण फार. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलच्या जीपा आल्या, मग महिंद्रच्या जीपा, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९९९ पर्यंत बनत असलेली जोंगा, आणि त्यानंतर मारुतीची जिप्सी. पूर्वी हर्रासात उभे राहून बोली लावावी लागे, आता एम.एस.टी.सी. या सरकारी कंपनीमार्फत ई-लिलाव होतात. पण गाडी आपल्या दारात येते तेव्हा ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या हातची असते, आणि मधल्या हातांनी तिच्यात काय काय ओतले याचा कागद कोणी देत नाही.

कारखान्याच्या वाहन विभागात सभासद येतात आणि विचारतात, "ब्रेक ऑइल कमी झालंय, कोणतं टाकू?" प्रश्न साधा वाटतो, पण चुकीचे टाकले तर गाडी थांबत नाही, किंवा थांबली तर सुटत नाही. म्हणून या अंकात एवढा एकच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट नावाची. आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, आम्हीही म्हणतो, दुकानदारही म्हणतो. पण आजच्या गाड्यांत जे घातले जाते ते तेल नाही. घोटाळ्याची सुरुवात इथूनच होते. ऑइल म्हटले की गडी घरातला इंजिन ऑइलचा डबा उचलतो, किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे ऑइल ओततो. दोन्ही पिवळसर, दोन्ही बुळबुळीत. त्याला काय फरक पडणार असे वाटते.

जुन्या काळी हे नाव अगदीच चूक नव्हते. पहिल्या जीपा आल्या त्या काळात ब्रेकसाठी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरले जाई. त्या वेळी ब्रेकमधली रबरे नैसर्गिक रबराची असत आणि एरंडेल त्या रबराला बाधत नसे. पुढे रबर बदलले, द्रवही बदलला, नाव मात्र तेच राहिले. आज बाजारात मिळणारे बहुतेक ब्रेक ऑइल ग्लायकॉल आणि ग्लायकॉल ईथर या जातीच्या द्रवांचे असते. हे द्रव अल्कोहोलच्या कुळातले. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, पण याचे उसाशी नाते लागते. उत्तराखंडात काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी मळीच्या अल्कोहोलपासून एथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून ग्लायकॉल बनवत आली आहे. अशा रीतीने ब्रेकमधला द्रव डिझेल-ग्रीसपेक्षा आपल्या मळीच्या स्पिरिटला जास्त जवळचा आहे.

हे नाते ध्यानात ठेवले की पुढचे सगळे आपोआप समजते. स्पिरिट पाण्यात मिसळते, तसे हेही मिसळते. तेल पाण्यावर तरंगते, हे तरंगत नाही. आणि पावसाळ्यात उघडा राहिलेला गूळ जसा हवेतला ओलावा ओढून पाघळतो, तसे हेही हवेतले पाणी ओढून घेते. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते, चाकाकडे जाणारे होज पाइप रबराचे असतात. त्यांतून थोडा थोडा ओलावा आत जातच राहतो. गाडी नदीत न घालता नुसती गोठ्याशेजारी उभी असली तरी जातो.

आता पाणी गेले तर बिघडते काय, ते बघू. ब्रेकचे काम पिचकारीसारखे आहे. पायाखालच्या पॅडलने मास्टर सिलिंडरमधला द्रव ढकलला की तोच दाब नळीतून चाकाच्या सिलिंडरपर्यंत पोचतो आणि लायनर ड्रमला घासतात. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा सगळा जोर चाकावर जातो. नळीत द्रवाऐवजी हवा किंवा वाफ असली तर मात्र ती दाबली जाते. पाय खाली जातो, जोर पुढे पोचत नाही.

वाफ येते कुठून? उष्णतेतून. आपले कित्येक सभासद टोमॅटो, कोबी, द्राक्षे पिकअपमध्ये भरून कसारा घाट उतरून वाशीला जातात. गाडी मालासकट अडीच टन धरा आणि उतार ३०० मीटरचा धरा. एवढे वजन एवढे खाली येताना जी शक्ती बाहेर पडते तिच्यावर २३ लिटर साधे पाणी उकळीला आणता येईल. म्हणजे पंधरा लिटरचे दीड डबे. यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतो, खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन बराच घेते. पण न्यूट्रलवर गाडी सोडून नुसत्या ब्रेकवर उतरणारा जो शहाणा असतो, त्याच्या बाबतीत जवळजवळ सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ड्रमच्या आतच चाकाचा सिलिंडर असतो. तिथला द्रव तापतो आणि त्यात पाणी मुरलेले असले तर लवकर उकळतो. पॅडल तळाला लागते. यातली वाईट गोष्ट अशी की खाली कसाऱ्याला पोचून अर्धा तास गाडी उभी केली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. मेकॅनिक बघतो, त्याला काही सापडत नाही. मालक म्हणतो, आपोआप बरोबर झालं. बरोबर काही झालेले नसते. पाणी आतच असते आणि पुढच्या घाटाची वाट बघत असते.

डब्यावर 'डॉट ३', 'डॉट ४' असे आकडे असतात, ते याच उकळण्याच्या हिशेबाचे आहेत. डॉट म्हणजे अमेरिकेचे वाहतूक खाते, त्यांनी ठरवलेली ही प्रत. प्रत्येक प्रतीला दोन किमान आकडे ठरवले आहेत. एक ताज्या, कोरड्या द्रवाचा आणि दुसरा ३.७ टक्के पाणी मुरलेल्या द्रवाचा. डॉट ३ ताजे असता किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, पाणी मुरल्यावर किमान १४० पर्यंत. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. आपल्याकडे भारतीय मानकही आहे, आय.एस. ८६५४, तो क्रमांक डब्यावर असलेला बरा.

या आकड्यांकडे नीट बघा. ताजे डॉट ३ हे २०५ अंशांचे आणि पाणी मुरलेले डॉट ४ हे १५५ अंशांचे. म्हणजे चार नंबर भरून तीन-चार वर्षे झाकण न उघडणाऱ्यापेक्षा तीन नंबर वेळेवर बदलणारा घाटात जास्त सुरक्षित. लोक नंबराच्या मागे लागतात, तारखेकडे बघत नाहीत, ही आमची तक्रार आहे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत दर दोन वर्षांनी बदला असे असते. आपल्या भागातले चिखलपाणी पाहता आम्ही म्हणू की दोन वर्षे ही शेवटची हद्द समजावी आणि बदल पावसाळा संपल्यावर, गळीत हंगामाच्या तोंडावर करावा.

आता एकमेकांत काय चालते ते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉलचेच, एका घरातले. ते एकमेकांत मिसळले तर रबराला धोका नाही, मात्र भारी प्रतीचा फायदा पातळ होतो. जुन्या जीपांना साधारणपणे डॉट ३ सांगितलेले असते, अलीकडच्या गाड्यांना डॉट ४. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालते. उलटे करू नये. ५.१ ची गरज आपल्या जुन्या ड्रमवाल्या जीपांना नाही, त्यावर जादा पैसे घालवू नयेत.

खरा सापळा आहे 'डॉट ५' चा, नुसत्या पाचाचा. ५ आणि ५.१ यांत एका टिंबाचा फरक दिसतो, पण पाच नंबर हे सिलिकोनचे असते. वेगळी जात, वेगळे घर. ओळखू यावे म्हणून त्याला जांभळा रंग दिलेला असतो. ते ग्लायकॉलमध्ये विरघळत नाही. दोन्ही एकत्र पडले की आत साका होतो आणि ब्रेकचा भरवसा राहत नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९८० च्या दशकात आपल्या गाड्यांना सिलिकोनचे ऑइल लावले, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने कोठारात उभ्या राहतात, बर्फात आणि वाळवंटात एकच द्रव चालावा लागतो, आणि सिलिकोन पाणी शोषत नाही. हे कुठेतरी ऐकून "लष्करी गाडी आहे, पाच नंबरच पाहिजे" असा हट्ट धरणारे भेटतात. एक तर ती हकीकत अमेरिकेची. दुसरे, सिलिकोन पाणी शोषत नाही म्हणजे पाणी आत जातच नाही असे नाही. गेलेले पाणी न मिसळता खालच्या भागात साचते, तिथे गंज धरतो आणि तापले की तिथेच वाफ होते. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे धरून राहतात, पॅडल स्पंजासारखे लागते. ए.बी.एस. असलेल्या गाडीत ते घालूच नये. जी गाडी रोज चालते आणि जिला वाटेत गरज पडली तर घोटीच्या दुकानात मिळेल तेच ऑइल लागणार, तिला हा प्रकार नको.

आणि खनिज तेल, म्हणजे इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल, यांचा एक थेंबही नको. ब्रेकमधली रबरे ग्लायकॉल सोसतात, खनिज तेल सोसत नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असते. पाय उचलला की त्यातून द्रव डबीत परत येतो. रबर फुगले की ते भोक बंद होते. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही. गाडी जड चालते, ड्रम तापतात, लायनरचा वास येतो. अशी एक लिलावातली जीप आमच्याकडे आली होती. मालकाला वाटत होते क्लच गेला. डबीचे झाकण उघडले तर त्याखालचे रबरी पडदे फुगून त्यांच्या जागेत परत बसेना. एवढी एक खूण पुरेशी असते. कोणीतरी आधी इंजिन ऑइल ओतलेले होते. नुसते ऑइल बदलून भागले नाही. मास्टर सिलिंडरचे किट, चारही चाकांची किटे आणि होज पाइप, सगळे नवे घालावे लागले.

म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा करावी. स्वच्छ काचेच्या ग्लासात निम्मे पाणी घ्या. डबीतले ऑइल कोरड्या ड्रॉपरने किंवा स्वच्छ काडीने काढून चार थेंब टाका आणि ढवळा. पाण्यात मिसळून गेले तर ते ग्लायकॉलचे. वर तवंग राहिला तर त्यात तेल किंवा सिलिकोन आहे, गाडी घाटात नेऊ नका, कारखान्याच्या किंवा ओळखीच्या गॅरेजला दाखवा. हा ग्लास नंतर पिण्यासाठी वापरू नये. या परीक्षेने फक्त जात कळते. ते किती जुने आहे, किती पाणी मुरले आहे, हे यात कळत नाही. त्यासाठी रंगावरही विसंबू नये. गडद तपकिरी किंवा काळपट असेल तर ते नक्कीच बदलायला आले, पण स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असते.

आमचे मत असे की अनोळखी जुन्या जीपेला नुसती भर घालण्याच्या फंदात पडू नये. सगळे काढावे, सिलिंडर उघडावेत, रबरे नवी घालावीत आणि एकाच प्रतीचे, एकाच वेळी, सीलबंद डब्यातले ऑइल भरावे. रबर नवे असले की ते नैसर्गिक रबराचे होते की कसले हा जुना वादही मिटतो. घाटात जाणारी गाडी असेल तर या वेळी डॉट ४ भरून टाकावे. फार जुन्या जीपांत चारही चाकांना एकच नळी असते. एका ठिकाणी गळाले की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. त्यांच्या बाबतीत हा खर्च टाळू नये.

सिलिंडर उघडल्यावर ते धुण्याची आपल्याकडची पद्धत फार वाईट आहे. मेकॅनिक सवयीने रॉकेलचा किंवा पेट्रोलचा डबा पुढे ओढतो. त्याचा अंश आत राहतो आणि नवे किट महिन्याभरात फुगते. मग दोष किटच्या कंपनीला. ब्रेकचे भाग धुवायचे ते स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑइलनेच. कॅम्पाच्या आसपास लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले जे जुने मिस्त्री आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही.

हवा काढताना दोन माणसे लागतात, एक पॅडलवर आणि एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत ते डावे मागचे, मग उजवे मागचे, मग डावे पुढचे, शेवटी उजवे पुढचे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. पॅडल दाबून धरायचे, निपल सोडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल आवळायचा, आणि मगच पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला की गेलेली हवा परत आत येते. मधूनमधून डबी भरत राहावे, ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. निघालेले ऑइल गाळून परत घालू नये, कितीही नितळ दिसले तरी. ए.बी.एस.च्या गाडीला हे घरी करू नये, तिला गॅरेजच बरे.

उरलेल्या डब्याचे काय करायचे हेही सांगितले पाहिजे. झाकण फोडलेला डबा फळीवर वर्षभर राहिला की त्याने गुळासारखा ओलावा धरलेलाच असतो. म्हणून लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये, लागेल तेवढाच लहान डबा घ्यावा. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. हे विष आहे आणि घरात मुले असतात. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो, लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पुसत बसू नये. जुने ऑइल विहिरीजवळ, पाटात किंवा बांधावर ओतू नये. बंद डब्यात ठेवून जळक्या ऑइलबरोबर गॅरेजला द्यावे.

पाण्यातून गाडी काढल्यावर पुढे दोनशे पावले हळू चालवत ब्रेक हलका दाबून धरावा, म्हणजे लायनर सुकतात. दारणेचा गाळ ड्रममध्ये बसतो आणि चाकाच्या सिलिंडरच्या रबरी टोप्या कापतो. ज्यांची गाडी पावसाळाभर रानात असते त्यांनी दिवाळीच्या सुमारास ड्रम उघडून बघावेत.

लष्करी गाडीच्या मडगार्डवर टायरच्या हवेचा आकडा रंगवलेला असतो, तशीच पद्धत आम्ही ब्रेकसाठी सुचवतो. बॉनेटच्या आत, डबीजवळ, रंगाने प्रत आणि महिना-वर्ष लिहावे. गाडी उद्या मुलगा चालवेल, भाचा चालवेल, ड्रायव्हर बदलेल. ज्याच्या हातात डबा येईल त्याला वाचता आले पाहिजे. हायड्रॉलिक क्लच असलेल्या पुष्कळ गाड्यांत क्लचलाही हेच ऑइल असते, तेव्हा ती डबीही त्याच दिवशी बदलावी.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी वेगळा शब्द. पुष्कळ ट्रॅक्टरांत ब्रेकच्या तबकड्या गिअरबॉक्सच्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. त्यांना दुकानात 'ऑइल ब्रेक' म्हणतात. तिथे आपण वर सांगितलेले ब्रेक ऑइल घालायचे नसते, तिथे कंपनीने सांगितलेले ट्रान्समिशन ऑइलच लागते. काही ट्रॅक्टरांना डबीवाले ब्रेक असतात, आणि त्यांतही कुठे ग्लायकॉलचे, कुठे खनिज तेलाचे ऑइल सांगितलेले असते. झाकणावरची अक्षरे पुसली असतील तर अंदाजाने भर घालू नये, ट्रॅक्टरबरोबर मिळालेले पुस्तक पाहावे किंवा ते घेऊन वाहन विभागात यावे.